तळ्यात बेडूक आणून सोडायचा नसतो, तो येतो

परवा रात्री टॉर्च घेऊन तळ्यापाशी गेलो तर काठावरच्या ओल्या दगडावर माझ्या करंगळीच्या नखाएवढा बेडूक बसलेला, शेपटीचं बारीकसं खुंट अजून मागे तसंच. मी तिथेच खाली बसलो. दहा महिने ह्याचीच वाट बघत होतो.

तळं म्हणजे काय तर बागेच्या कोपऱ्यात खणलेला सहा फूट बाय चार फुटांचा खड्डा, मधे दोन फूट खोल, त्यात लायनर, म्हणजे पाणी जमिनीत मुरू नये म्हणून घालायचं अस्तर, टाकलाय आणि पावसाचं पाणी साठलंय. पाणी कमी झालं की नळाचं घालतो पण आधी दोन दिवस बादलीत उघडं ठेवतो, क्लोरीन उडून जावं म्हणून.

पहिल्या आठवड्यातच एक वाईट गोष्ट झाली. एक सरड्याचं पिल्लू पाण्यात पडलं आणि लायनरच्या गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता आलं नाही, सकाळी मेलेलं सापडलं. फार लागलं मनाला. त्याच दिवशी एका बाजूला दगड रचून पाण्यातून बाहेर यायला उतार केला. तळं करणार असाल तर उतार आधी करा, पाणी नंतर भरा.

सगळ्यात आधी आले ते पाण्यावर घसरत चालणारे किडे, तिसऱ्याच दिवशी, मग पाठीवर उलटे पोहणारे. हे आले कुठून असं मुलगी विचारत होती, तर ह्यातले बरेच उडतात, आणि पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश वरूनच ओळखून खाली उतरतात, कधीकधी फसून चमकणाऱ्या गाडीच्या टपावर पण बसतात.

मग डासांच्या अळ्या झाल्या आणि घरातले वैतागले. जो तो म्हणे गप्पी मासे सोड. मी नाही सोडले, कारण मासे अळ्यांबरोबर बेडकांची अंडी आणि पिल्लं पण खातात, आणि मला तळं बेडकांसाठीच हवं होतं. तीन आठवडे रोज गाळणीने अळ्या काढल्या. नंतर ते उलटे पोहणारे किडे आणि टाचण्यांची (चतुरासारखेच पण बारीक उडणारे किडे) पिल्लं वाढली, तीच अळ्या खायला लागली आणि गाळणी कपाटात गेली. मधे पाणी हिरवंगार झालं तेव्हा सगळं उपसून टाकावंसं वाटलं होतं पण हात आवरला, पाणवनस्पती वाढल्या तसं आपोआप निवळलं.

एका पहाटे जे बघितलं ते सांगायलाच हवं. चतुराची (ड्रॅगनफ्लायची) अळी, मातकट रंगाची, काडीवरून पाण्याबाहेर चढून घट्ट धरून बसली होती. हीच पाण्यात असताना घडीचा जबडा झटक्यात पुढे फेकून शिकार पकडते. थोड्या वेळाने तिची पाठ मधोमध उकलली, आतून डोकं आलं, मग छाती, मग सगळा उलटा लोंबकळत राहिला आणि मला वाटलं पडतोय आता. पण पाय जरा घट्ट झाल्यावर वर उठून त्याने जुनी कात धरली आणि शेपूट ओढून काढलं. पंख ओल्या टिश्यू पेपरसारखे चुरगळलेले, ते आतून द्रव भरत भरत हळूहळू उलगडले. जवळजवळ दोन तास गेले, चहा तसाच राहिला. ती कात मुलीने काडेपेटीत जपून ठेवलीय.

मधे एका मित्राने दुसऱ्या तळ्यातली बेडकाची पिल्लं बाटलीतून आणून देतो म्हटलं. इच्छा खूप होती पण नको म्हटलं. बेडकांच्या त्वचेला कायट्रिड नावाची बुरशी होते, 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं, आणि 2019 च्या एका अभ्यासानुसार तिच्यामुळे निदान 501 उभयचर प्रजातींची संख्या घटलीय. ह्या तळ्यातलं पाणी त्या तळ्यात नेलं की ती पण जाते. बेडूक त्वचेतून श्वास घेतो, पाणी पण त्वचेतूनच शोषतो, त्यामुळे त्वचा बिघडली की सगळंच बिघडलं. बागेत कीटकनाशक मारणं मी तेव्हापासूनच बंद केलंय.

आणि मग पावसाच्या एका रात्री आवाज आला. आधी एक, मग दोन. सकाळी गवताच्या काडीला जेलीचा गोळा चिकटलेला, आत काळे ठिपके. त्यातून निघालेली शेकडो पिल्लं दगडावरचं शेवाळ खरवडत बसायची. चतुराच्या अळ्यांनी कित्येक खाल्ली, मुलगी रडली, म्हणाली बाबा काढा ना त्या अळ्या बाहेर. नाही काढल्या. त्या पण इथल्याच, आणि बेडूक एवढी अंडी घालतो ती त्यासाठीच.

मागचे पाय आधी फुटले, पुढचे नंतर, आणि पुढचे फुटल्यावर पिल्लांनी खाणंच थांबवलं. शेवाळ खाणारं तोंड बदलून किडे गिळणारं होतं, लांबलचक आतडं आखूड होतं, आणि तेवढे दिवस ती स्वतःची शेपूट आत जिरवून त्यावरच जगतात.

त्या रात्री दगडावरचा तो पिल्लू बेडूक बराच वेळ हलला नाही. मग एक उडी मारून गवतात गेला, मागोमाग अजून दोन. तो कोपरा आता मी कापत नाही, आणि रात्री बागेत जाताना पाऊल टाकायच्या आधी टॉर्च खाली मारतो.