पेटी, ताट आणि सत्तेचाळीस नंबर

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी मनोगत मागताना समितीनं विषयही सुचवला होता : 'आवडते शिक्षक'. शिक्षकांवर बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला लिहायचंय ते एका कागदाबद्दल. १९९० च्या मे महिन्यात पाचवीच्या प्रवेशाच्या पत्राला टाचून तो परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या आमच्या घरी आला. सायक्लोस्टाइल केलेला, शाई जागोजागी फाकलेली, आणि वर मथळा 'वसतिगृहात येताना आणावयाच्या वस्तू'.

अण्णांना वाचायला वेळ लागायचा, म्हणून ताईनं तो ओसरीवर बसून मोठ्यानं वाचला. ताई तेव्हा सातवी होऊन घरीच होती. गावात शाळा सातवीपर्यंतच. आपल्या शाळेत मुलींचं वसतिगृह निघायला अजून बरीच वर्षं होती, त्यामुळे तिच्यासाठी अशी यादी येण्याचा प्रश्नच नव्हता. वाचताना ती एकेका वस्तूपाशी थांबायची आणि माय "हाय", "न्हाई", "बघू" असं म्हणत जायची. सतरंजी हाय. बादली हाय, पण गळती. टॉवेल दोन? बघू.

यादीचे दोन भाग होते. 'अ' भागात येतानाच आणायच्या वस्तू : पत्र्याची पेटी, कुलूप आणि दोन किल्ल्या, सतरंजी, पांघरूण, ताट-वाटी-पेला, बादली, दोन पांढरे शर्ट, दोन खाकी हाफ पँटी, बनियन, टॉवेल, सुई-दोरा, नीळ, दहा पोस्टकार्डं. 'ब' भाग दिवाळीच्या सुट्टीनंतर आणायचा : स्वेटर, चादर, कॅनव्हासचे बूट, कंपासपेटी, तिसरा गणवेश. 'ब' भाग ऐकला आणि अण्णा सुपारी कातरता कातरता थांबले. म्हणाले, "ही यादी करणारा माणूस शेतकऱ्याचा दिसतो."

त्यांना एवढं बरं का वाटलं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. जून हा आमच्याकडं पैसा नसलेला महिना. सरकारच्या एकाधिकार खरेदीला घातलेल्या कापसाचे चुकारे आले तरी उन्हाळ्यातल्या लग्नकार्यात जायचे, आणि मृग तोंडावर आला की बियाणं, खत, मजुरी एकदमच दारात. शाळा उघडायची ती नेमकी तेव्हाच. मूग-उडीद निघतो पोळ्याच्या पुढंमागं, आणि कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीला. स्वेटर दिवाळीनंतर लागतो हे खरंच आहे, पण कंपासपेटी काय थंडीची वस्तू आहे?

कपड्यांपुढं कंसात एक सूचना होती : 'कपडे नवे शिवू नयेत, असलेलेच धुऊन आणावेत.' ही मात्र अण्णांनी मानली नाही. पोरगं परगावी शिकायला चाललंय आणि अंगावर विटका सदरा, हे त्यांना कसं सोसणार? सेलूच्या बाजारातून पांढरं पॉपलिन, खाकी कापड आणि आतल्या चड्ड्यांसाठी मांजरपाट आणला. गावातल्या टेलरला सांगितलं, "वाढत्या अंगाचं शिवा. दोन वर्षं चालंल असं." टेलरनं हुकूम शब्दशः पाळला. शर्टाच्या बाह्या कोपराखाली आल्या. पँट गुडघा झाकून खाली उतरली, आणि आत चार बोटांची दुमड राहिली ती वेगळीच. दरवर्षी मे महिन्यात माय ती दुमड एकेक बोट उसवायची. जिथं उसवलं तिथं नव्या खाकीचा गडद पट्टा दिसायचा. आमच्या वर्गात कुणाची पँट कितव्या वर्षात आहे, ते त्या पट्ट्यांवरून सांगता यायचं.

पेटी विकत घ्यावी लागली नाही. ताईच्या लग्नासाठी एक आधीच घेऊन ठेवलेली होती, तीच माझ्या वाट्याला आली. झाकणावर दोन गुलाब आणि मध्ये मोर. ताई काही बोलली नाही. फक्त आतल्या तिच्या दोन साड्या आणि क्रोशाचे रुमाल काढून तिनं भिंतीतल्या खालच्या कोनाड्यात ठेवले. पेंटरनं मोराच्या पोटावरच माझं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असं सगळं लिहिलं. तार करायची असती तरी चाललं असतं, इतका पूर्ण पत्ता.

यादीत पेटीची उंची दिली होती, 'एक फूट, जास्त नको'. घरी सगळ्यांना वाटलं, कॉटखाली सरकवायची असेल. इथं येऊन बघतो तर कॉटच नाहीत. भिंतीला लागून सतरंज्या आणि प्रत्येकाच्या उशाशी पेटी. संध्याकाळी अभ्यासाची घंटा झाली की सगळी पोरं पेट्या पुढ्यात ओढून मांडी घालून बसली, आणि फुटाचा अर्थ लागला. पेटी हेच आमचं डेस्क. माझी लग्नातली पेटी चांगली सव्वा-दीड फुटाची. सहा वर्षं मी कोपर खांद्याशी नेऊन लिहिलं. माझ्या अक्षराबद्दल गुरुजनांनी जे जे म्हटलं त्यातलं निम्मं त्या मोराच्या खात्यावर टाकावं, असं माझं आजही मत आहे.

आता नंबर. यादीच्या तळाशी हातानं लिहिलेलं होतं : 'वसतिगृह क्र. ४७. सर्व कपडे व पांघरुणावर धाग्याने घालावा.' हे काम ताईनं घेतलं. लाल दोरा काढला आणि साखळी टाक्यानं प्रत्येक कपड्यावर सत्तेचाळीस काढला. टॉवेलला कोपऱ्यात, बनियनला गळ्यामागं, वाकळेला चारही बाजूंनी. शर्टावर कुठं घालायचा ते यादीत नव्हतं. तिला वाटलं, एवढं नक्षीदार काढलंय तर दिसायला हवं. म्हणून तो खिशावर, छातीवर. पहिल्याच दिवशी प्रार्थनेच्या रांगेत मोठ्या मुलांनी मला गाठलं, "ए हमाल, माझी वळकटी उचलतूस का रे?" एसटी स्टँडवरच्या हमालाच्या बिल्ल्यासारखा तो नंबर दिसायचा, हे मलाही मान्य होतं. दहावीपर्यंत मी हमालच राहिलो. या स्मरणिकेत माझं नाव वाचून ज्यांना ओळख पटली नसेल, त्यांना आता पटली असेल.

नंबर कपडे हरवू नयेत म्हणून असतो, असं मला वाटायचं. पण गृहपाल सरांचा खरा शत्रू होता खरूज. दाटीवाटीनं झोपणाऱ्या पोरांत एकाच्या बोटांच्या बेचक्यात पुरळ दिसलं की पंधरवड्यात अख्खी खोली खाजवायला लागते. तेव्हा सर त्या खोलीतल्या सगळ्यांनाच, खाज असो नसो, गळ्यापासून पायापर्यंत औषध लावायला लावायचे. कपडे, पांघरुणं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात जायची आणि दिवसभर उन्हात पडायची. उकळून निघालेल्या त्या ढिगातून ज्याचा टॉवेल त्यालाच परत मिळावा, म्हणून तो नंबर. दुसऱ्याचा टॉवेल वापरताना सापडलेल्याला सर मारत नसत. आठवडाभर औषध लावायची ड्यूटी देत, आणि ती शिक्षा छडीपेक्षा वाईट होती.

येताना दोनच गणवेश का, याचं उत्तर विहिरीत होतं. आपल्या माळावर मार्च लागला की पाणी तळाला जायचं आणि अंघोळीला माणशी एक बादली मिळायची. रविवारी कपडे धुण्यापुरतं ओढ्याला पाणी असायचं ते पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. तीन-चार जोड असते तरी धुतले कुठं असते? काळ्या मातीचा डाग पांढऱ्या शर्टावरून निघत नाही, तो फिका पडतो इतकंच, आणि विहिरीच्या जड पाण्यानं पांढरं कापड पिवळं पडत जातं. म्हणून नीळ. १५ ऑगस्टला सगळे शर्ट नवेच असायचे. एका महिन्यानं १७ सप्टेंबर यायचा, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, तोपर्यंत त्यांची रया गेलेली. आदल्या रात्री हौदाजवळ नीळ कालवायची चढाओढ लागायची. कुणी पुडी जास्त टाकली की त्याच्या शर्टाला आभाळी झाक यायची. झेंडावंदनाच्या रांगेकडं बघून मुख्याध्यापक म्हणाले होते, "आपल्या शाळेला पांढरे गणवेश आहेत असं माझ्या ऐकण्यात आहे."

खाण्याचे पदार्थ आणू नयेत, असं यादीत ठळक अक्षरांत होतं. मायनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. "लेकराला रात्री भूक लागली तर मागंल कुणाला?" असं म्हणून तिनं कारळाच्या चटणीचा डबा टॉवेलात गुंडाळला आणि चार धपाटे शर्टांच्या घडीत सरकवले. पहिल्या संध्याकाळी पेटी-तपासणी झाली. सर एकेक पेटी उघडायला लावत होते आणि माझ्या पोटात गोळा. पण बघतो तर एकाही माउलीनं तो नियम पाळलेला नव्हता. जवसाची चटणी, तिळाची, शेंगदाण्याची, लसणाचा ठेचा, गुळाच्या ढेपीचा तुकडा, एकाच्या पेटीत तर चक्क येसर. इथं त्याची आमटी कोण करून देणार होतं कोण जाणे. वसमतच्या मुलाकडं हळदीची पुडी होती, लागलं-खुपलं तर भरायला. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं, म्हणून तो मला गाववाला वाटला. सरांनी सगळे डबे जप्त केले आणि रात्री जेवणात पंगतीच्या मधोमध मांडून ठेवले. भाकरीबरोबर ज्याला जे हवं ते घ्या म्हणाले. नियम पुढच्या वर्षीही यादीत तसाच ठळक होता. तो काढू नये, असं बहुधा सरांनाच वाटत असावं.

पोस्टकार्डं १५ पैशांची. दर रविवारी एक लिहायचं आणि सर ते वाचूनच टपालपेटीत टाकायचे. त्यामुळे सगळ्यांच्या पत्रांत 'मी इथे खुशाल आहे' याखेरीज फारसं काही नसायचं.

मी आठवीत असताना, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होऊन आम्ही दमून झोपलो होतो. पेट्यांवर ठेवलेली ताटं वाजायला लागली आणि आम्ही मैदानात पळालो. भिंतींना तडे गेले नाहीत, पण पुढचे काही दिवस सगळे उघड्यावरच झोपलो. त्या भागातली बाराशेच्या आसपास मुलं भारतीय जैन संघटनेनं पुण्याजवळ वाघोलीला शिकायला नेली. काही मुलं नातेवाइकांच्या ओळखीनं इकडंतिकडं गेली, त्यातली चार दिवाळीनंतर आपल्याकडं आली. ती यादी न बघता आलेली पहिली मुलं. अंगावर मदतीच्या ट्रकमधून मिळालेले मोठ्या माणसांचे शर्ट, बगलेत कोरी करकरीत ब्लँकेटं, आणि पेटी एकाकडंही नाही. दहावी होऊन गेलेली पोरं आपल्या पेट्या ठेवून जात, त्या अडगळीच्या खोलीतून काढल्या आणि जुनी नावं खरवडली. नंबर घालायला सरांनी सुई-दोरा आणून आम्हा आठवीच्या मुलांपुढं ठेवला. ताईचा साखळी टाका मला येत नव्हता, पण तिचं काम बघून बघून धावदोरा जमत होता. त्यांच्यातला धाकटा, सहावीतला, नंबर छातीवर नको म्हणाला. कुणीतरी माझी गोष्ट त्याला आधीच सांगितली होती.

ताईचं लग्न १९९१ मध्ये झालं. तिला दुसरी पेटी घेतली, साधी, विनामोराची. तिची नात यंदा आपल्या शाळेच्या मुलींच्या वसतिगृहात पाचवीला आली आहे. तिची यादी भाचीनं मला व्हॉट्सॲपवर पाठवली : ट्रॅकसूट, ट्रॉली बॅग, स्टीलची बाटली, दोन बेडशीट, पांढरे बूट आणि काळे बूट, स्वेटर, रेनकोट, सॅनिटरी पॅड. यादी चांगली आहे. शेवटची वस्तू नुसती छापली गेली, एवढ्यावरही मी खूश आहे. आता खोलीत टेबलं आहेत, त्यामुळे बॅगेच्या उंचीची भानगड नाही. कपड्यांवर नावाची पट्टी दुकानातूनच शिवून येते.

पण 'ब' भाग गेला. पन्नास वर्षांत शाळेचं बरंच बदललं आणि बदलायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तरी व्यवस्थापनाला विनंती आहे की पुढच्या वर्षीच्या यादीत स्वेटर, दुसरे बूट, जादा गणवेश दिवाळीनंतर आणले तरी चालतील अशी एक ओळ घालावी. कापसाच्या जागी आता सोयाबीन आलं असलं तरी पैसे हातात पडायला दिवाळीच उजाडते, आणि मृग आजही जूनमध्येच लागतो. मध्ये कुणाचं अडलंच, तर १९९६ च्या दहावीच्या तुकडीनं कार्यालयात काही रक्कम ठेवली आहे. ती मागताना अर्ज लिहावा लागू नये, एवढीच आमची अट आहे.