खंड्याचा लॉग, सहावा आठवडा: शार्पनेस विचारला आणि बाकी सगळं कळलं

मागच्या वेळी इथे खंड्याचे (किंगफिशरचे) चार फोटो दाखवले होते त्यावर तुम्ही मला जे धुतलंय ना, दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही मी. खोटं कशाला बोलू, राग आला होता. मी विचारलं काय, तर शार्पनेस कसा वाढवू, आणि उत्तरं काय आली, तर "मागे केवढा पसारा आहे", "वरून खाली घेतलायस", "पक्षी तुझ्याकडे बघतच नाहीये". म्हणजे पेपर दिला गणिताचा आणि तपासला भूगोलाचा, असं झालं. तिसऱ्या दिवशी तेच फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडले आणि गप्प बसले. बरोबर होतं तुमचं.

तर या वेळचं सांगते. तोच लहान खंड्या, तलावाच्या काठची तीच वाळकी फांदी, तीच ४०० एमएम लेन्स. बदललं एवढंच की उभं राहायच्या ऐवजी पोटावर आडवी झाले, लेन्सखाली बीन बॅग, आणि लेन्स पाण्याच्या वर जेमतेम वीतभर. उभ्याने घेत होते तेव्हा पक्ष्याच्या लगेच मागे दोन-तीन फुटांवरचा चिखल आणि पाणी फ्रेममधे यायचं, ते ब्लर होणार तरी कसं? आडवं झाल्यावर त्याच्यामागे थेट पलीकडचा काठ आला, चांगला शंभर फूट लांब, आणि एफ ५.६ लाच (लेन्सच्या छिद्राचा आकडा, जितका लहान तितकं मागचं जास्त धूसर) त्याचा गुळगुळीत हिरवा पडदा झाला. आणि मी बावळट एफ ४ च्या लेन्ससाठी पैसे साठवत बसले होते! कोपरं सोलली, टीशर्ट चिखलात गेला, मुंग्यांनी तर अंगावर रस्ताच केला, पण हा एवढा फरक मला कुठल्या सेटिंगने आजवर दिला नव्हता.

शार्पनेसचं कोडं पण त्यातच सुटलं बरं का. मी घाबरून शटर कायम १/३२०० सेकंदाला ठेवायचे, पक्षी गुमान बसलेला असला तरी, कारण उडाला तर काय! मग सकाळच्या उजेडात ऑटो आयएसओ (उजेड कमी पडला की कॅमेरा स्वतःच वाढवतो ती संवेदनशीलता) ६४०० ला जाऊन बसायचा. बीन बॅगवर लेन्स टेकल्यावर १/४०० ला उतरले, म्हणजे तीन स्टॉप, उजेड आठपट, आयएसओ सरळ ८००. ज्याला मी सॉफ्ट फोकस समजत होते ते अर्ध्याहून जास्त नॉइज (जास्त आयएसओने येणारे दाणे) होतं, आणि वरून माझा तो निर्दय क्रॉप. रुंदी अर्धी, उंची अर्धी केली की २४ मेगापिक्सेलमधले ६ च उरतात, हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. आता डायलवर साठवलेली दोन सेटिंग आहेत, सी वन बसलेल्या पक्ष्याचं, सी टू उडत्याचं. काहीजण हे पहिल्या दिवसापासून सांगत होते, माहितीये, माहितीये.

डोक्याच्या कोनाचं मात्र अजून नशिबावरच आहे. नुसती बाजू दिसली तर फोटो पुस्तकातल्या चित्रासारखा होतो, डोकं थोडंसं आपल्याकडे वळलं आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका आला की एकदम जिवंत. या आठवड्यात ११०० फ्रेम काढल्या, ठेवल्या ९. आधी डोळा बघायचा, डोळा गेला की फ्रेम गेली, पिसं कितीही सुंदर असोत. याने निवडायचा वेळ निम्मा झाला.

एक फीडबॅक मात्र मी घेणार नाहीये. "निळा फार ओढलायस, सॅचुरेशन कमी कर" असं दोघांनी म्हणलं होतं. स्लायडरला हातच लावला नव्हता! खंड्याच्या पाठीचा निळा हा रंगद्रव्याचा नसतोच, पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो त्याचा असतो, म्हणून तोच पक्षी ऊन बदललं की कधी गडद निळा दिसतो तर कधी मोरपिशी. असा वेगवेगळा निळा आलेल्या माझ्या दोन फ्रेममधे दहा मिनिटांचंच अंतर आहे, रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली) दाखवते हवी तर.

सूर मारताना पकडायचं अजून जमत नाहीये. एकदा फोकस फांदीवरच अडकला, एकदा इलेक्ट्रॉनिक शटरवर राहिलं (तो चित्र ओळीओळीने टिपतो) आणि पंख वाकड्या चमच्यासारखे आले. मेकॅनिकलवर फ्रेम कमी मिळतात पण पंख तरी पंखासारखे दिसतात. पांढऱ्या बगळ्याचे दोन घेतले, गडद पाण्यावर पार जळले, एक्स्पोजर मायनस एक करायला विसरले, विषय संपला.

आता खरी गोष्ट. सहा आठवडे मी "तो तो" करत होते आणि तुमच्यापैकी एकाने सहज लिहिलं, खालची चोच बघ, केशरी आहे, मादी आहे ही. शेकडो वेळा झूम करून तीच चोच बघितली होती मी, फोकस तपासायला! त्याच फोटोवर दुसऱ्याने विचारलं, मासा कसा धरलाय बघितलंस का? माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला होतं. स्वतः गिळायचा असेल तर डोकं घशाकडे असतं, बाहेर असेल तर कोणाला तरी भरवायचाय. आणि जोडी जमवताना भरवतो तो नर, मग मादी मासा घेऊन निघाली म्हणजे पिल्लंच असणार. परत नीट आठवलं तर ती दरवेळी मी झोपायचे त्याच्या डावीकडे काठाच्या उभ्या मातीकडे जायची (खंड्याचं घरट्याचं बीळ अशाच मातीत असतं), आणि मी असले की आधी फांदीवर बराच वेळ मासा धरून बसून राहायची. माझ्यामुळे पिल्लांकडे जात नव्हती, आणि मला वाटायचं काय छान पोज देतेय.

ते सगळ्यात आवडते फोटो आहेत माझे आणि ते त्या थांबण्यामुळेच मिळालेत, हे जरा बोचतंय. तिथं जाणं बंद केलंय, जागा कोणाला सांगणार नाही, कृपया विचारू पण नका.

आता तलावाच्या पलीकडच्या टोकाला पाणकावळ्यांवर सराव चाललाय. तिथं वारा पाठीवर घेऊन बसलं की ते उतरताना आपल्याकडे तोंड करून येतात, पण सकाळी तेव्हाच ऊन समोरून येतं आणि काळा पक्षी नुसता कोळसा होतो. एक्स्पोजर प्लस एक देऊन बघितलं तर आकाश पांढरं होऊन गेलं. अशा वेळी तुम्ही वारा सोडता का ऊन? क्रॉप न केलेली फ्रेम पण सोबत देतेय, फाडा बिनधास्त.