घरंगळणारी ऑलिव्हं

काल झोपायचं सोडून अर्नी कोव्हॅक्स हा जुना अमेरिकी टीव्ही विनोदवीर बघत बसलो. अमेरिकेत एनबीसी या टीव्ही वाहिनीवर १९ जानेवारी १९५७ला झालेला त्याचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. विनोदी नट जेरी लुईसला दीड तास देऊ केला होता, त्याला तासभरच हवा होता. उरलेला याच्या वाट्याला आला. आणि या पठ्ठ्याने त्यात जवळजवळ संवादच ठेवले नाहीत!

टेबलाचा प्रसंग मी चारदा मागे नेऊन पाहिला. यूजीन, म्हणजे त्यातलं कोव्हॅक्सचं पात्र, डबा उघडतो, ऑलिव्हं टेबलावरून घरंगळत जातात. थर्मासातून दूध ओततो, तर धार पेल्याच्या बाजूला. टेबल मात्र अगदी सरळ दिसतं. कारण सेटच तिरका बांधलेला, आणि कॅमेराही तेवढाच कलता.

मी राज्य नाट्य स्पर्धेसाठी दहा वर्षं नेपथ्य ठोकलंय. फ्लॅट, म्हणजे सेटची उभी चौकट, बोटभर कलला तरी दिग्दर्शक अंगावर यायचे. याने मुद्दाम कलता बांधला, तोही लाइव्ह!

१९६२त तो मोटार अपघातात गेला. टेपा पुसल्या जाऊ नयेत म्हणून बायकोने, ईडी अ‍ॅडम्सने, पदरचे पैसे घालून त्या वाचवल्या.

सकाळी आमच्या हिला पाटावर वाटाणे ठेवून हे समजावायला गेलो. दोन अजून फ्रिजखाली आहेत.