बाजारात तुरी

जीटीए ६ या गेमसाठी म्हणून आज लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड उचललं. घरी येऊन पीसीचं कॅबिनेट उघडलं, पोतंभर धूळ काढली, कार्ड बसवलं आणि मग कळलं, कार्डाला वीज देणारी ८ पिनची वायरच नाहीये! जुनं १०५० टीआय कार्ड बिचारं ७५ वॅटवर भागवायचं, तेही थेट मदरबोर्डच्या स्लॉटमधून. हे महाराज १७० वॅट खातात. म्हणजे आता ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, आलाच. दुकानदाराने विचारलंही होतं, "एसएमपीएस कुठला आहे?" मी ऐटीत म्हणालो, "चांगला आहे."

आई विचारतेय, गेम कधी येणार? तो आधी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर येतोय, पीसीची तारीखच जाहीर नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही. कार्ड सध्या कपाटात, स्वेटरच्या घडीत.