आमची वाटचाल: दरडीकडून बर्फाकडे

कराडला आमच्या आण्णांचा एक जेसीबी होता. कुंभार्ली घाटात दरड आली की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं. आता आम्ही अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या क्ली एलमला असतो. फोन अजूनही पहाटे दोनलाच वाजतो, पण बर्फासाठी.

सुरुवात बागकामाने केली. हिवाळ्यात माणसं बसून राहायची, म्हणून २०१४ साली स्नोक्वाल्मी घाटाकडच्या एका स्नो-पार्कचं टेंडर भरलं. स्नो-पार्क म्हणजे स्कीइंगला, स्नोमोबाईलला (बर्फावर चालणारी स्कूटर) किंवा पोरांना घसरगुंडी खेळवायला येणाऱ्यांसाठी सरकारी पार्किंग. लोक परवाना विकत घेतात, त्याच पैशातून बर्फ काढला जातो. दर आम्ही तासावर लावला होता. नेमका तो हिवाळा उबदार गेला, बर्फाऐवजी पाऊसच जास्त पडला, आणि मे २०१५ मध्ये गव्हर्नरांनी राज्यभर दुष्काळ जाहीर केला. लोडरचं भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला जात होतं. तेव्हापासून टेंडरमध्ये यंत्र तयार ठेवण्याची ठरावीक रक्कम वेगळी मांडतो आणि तासाचा दर वेगळा.

पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडला आणि खरी शिकवणी सुरू झाली. इथला बर्फ ओला आणि जड, गावकरी त्याला 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात. एक एकरावर एक फूट पडला तरी वजन सहज २५० टनांच्या घरात जातं. आम्ही तो जवळच्या कडेला सारत गेलो, डिझेल वाचलं म्हणून खूशही होतो. तो ढीग गोठून दगड झाला, पुढचा बर्फ त्याच्या अलीकडे, त्याच्या पुढचा आणखी अलीकडे. जानेवारी संपता संपता निम्मं पार्किंग बर्फाखाली. ट्रेलर लावलेल्या गाड्यांना वळायला जागा उरली नाही. वर ढीग चढाच्या बाजूला! दिवसा पाणी पार्किंगभर वाहायचं आणि रात्री त्याची काच व्हायची. शेजारी ओढा, त्यामुळे बर्फ वितळवायला मीठ टाकायचं नाही, नुसती वाळू.

आण्णांना फोनवर रडगाणं ऐकवलं. ते म्हणाले, "अरे, दरड उचलायच्या आधी ती टाकायची कुठे हे बघतात. इतकी वर्षं घाटात काय नुसता चहा प्यायलास?"

आता पहिल्या चार इंचांपासूनच सगळा बर्फ उताराच्या टोकाला जातो. बाहेर पडणाऱ्या ड्रायव्हरला रस्ता दिसला पाहिजे, म्हणून तोंडाशी ढीग करायचा नाही. हमरस्त्यावरचा बर्फ सारणारा प्लाऊ आमच्या तोंडाशी जी भिंत घालून जातो ती कोणी काढायची, हे करारात नव्हतंच. दोन हंगाम फुकट काढली, आता तीही लिहून घेतो.

जानेवारी २०२२ मध्ये स्नोक्वाल्मीसह मोठे घाट काही दिवस बंद राहिले. लोडर पार्किंगमध्ये आणि आम्ही घरी! घाट उघडला तेव्हा आमच्या आधी गाड्यांचीच रांग लागलेली.

आज आमच्याकडे दोन लोडर आहेत, बर्फ लांब उडवणारा एक ब्लोअर आणि हंगामापुरती पाच माणसं. ऑक्टोबरात जमीन उघडी असतानाच कठड्यांना, मोऱ्यांना, शौचालयाच्या कोपऱ्यांना उंच काठ्या ठोकून ठेवतो, म्हणजे बर्फाखाली गेल्यावरही त्या जागा कळतात. शौचालयामागे एक धोंडा आहे, त्याने आमचं पहिलं पातं खाल्लं. त्याला दोन काठ्या.