तुम्ही विचारलंत म्हणून: नांदणं मोजायचं कसं?

"बाई, घटस्फोट केवढे वाढलेत! लग्नसंस्था मोडीत निघाली म्हणायची का?" सांगलीत कुणाच्या बारशाला गेले, लग्नाच्या पंगतीला बसले, की हा प्रश्न येतोच. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं, खेड्यापाड्यांतले संसार जवळून पाहिले, म्हणून मला विचारत असावेत.

उत्तर द्यायचं तर फेब्रुवारी २०११मध्ये जावं लागतं. जनगणनेत मी प्रगणक होते. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात पाच पर्याय होते : अविवाहित, विवाहित, विधवा किंवा विधुर, विभक्त, घटस्फोटित. द्राक्षांचा हंगाम होता. एका वस्तीवर ओसरीत बसून भाऊ सगळ्यांची उत्तरं देत होता. बहिणीची पाळी आली तेव्हा म्हणाला, "लगीन झालंय. माहेरपणाला आलीया." मी 'विवाहित' लिहायला पेन टेकवलं आणि समोर तिचा मुलगा दिसला. माझ्याच शाळेत चौथीला होता, पहिलीपासून. चार वर्षांचं माहेरपण! मी थांबले. फाटकापर्यंत ती माझ्यामागं आली, हाताला द्राक्षांचा चिकटा तसाच. हळू आवाजात म्हणाली, "बाई, मला नांदवत न्हाईत. खरं काय ते लिवा."

मी 'विभक्त' लिहिलं. त्या वर्षी देशात घटस्फोटित निघाले सुमारे साडेतेरा लाख आणि विभक्त सुमारे ३५ लाख. त्या ३५ लाखांत ती एक. आणि ज्यांच्या भावांनी 'माहेरपणाला आलीय' सांगितलं नि प्रगणकानं तेच उतरवून घेतलं, त्या कुठं गेल्या? सुखी विवाहितांत.

म्हणून घटस्फोटाचा आकडा दाखवून कुणी लग्नसंस्था आजारी आहे म्हटलं की मला पटत नाही. त्या आकड्यावरून एवढंच कळतं की कोर्टापर्यंत कोण पोचलं. वकिलाची फी कुणाला परवडली, निकालानंतर डोकं टेकायला जागा कुणाला होती. हिंदूंना सर्रास घटस्फोटाची वाट मिळाली १९५५च्या कायद्यानं, परस्परसंमतीची सोय तर १९७६ साली झाली. माझ्या आजीच्या वेळी घटस्फोट जवळजवळ नव्हतेच. सवत आणली जायची, पहिली गोठ्याकडच्या खोलीत राहायची, आणि दोन्ही लग्नं 'टिकलेली' असायची. याच जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी परित्यक्तांची, म्हणजे नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची, चळवळ उभी केली. कागदावर या बायका विवाहितच होत्या. रेशनकार्डावर नाव सासरी आणि पोट माहेरी.

उलटही असतं. विटा-खानापूर भागातली कितीतरी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी देशभर पांगलीत. नवरा कुठल्या कुठं दक्षिणेत, बायको इथं सासू आणि शेत सांभाळते. जत्रेला आठ दिवस भेट. पण म्हैस घ्यायची का हे रात्री फोनवर दोघं मिळून ठरवतात. मी त्याला नांदणं म्हणते.

'नांदा सौख्यभरे' म्हणून आपण अक्षता टाकतो. 'टिका' असं कुणी म्हणत नाही.

आणखी एक आकडा मला घटस्फोटापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. २००१च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागं मुली होत्या ८५१. शेजारच्या साताऱ्यात २०११ साली 'नकोशी' नावाच्या २८५ मुलींचं प्रशासनानं नव्यानं बारसं केलं. 'नकोशी'! बापानं हाक मारायला ठेवलेलं नाव! ८५१च्या त्या पिढीतले मुलगे आता तिशीला टेकलेत. पाच एकर बाग, स्लॅबचं घर, आणि मुलगी मिळत नाही म्हणून आई माझ्याकडं येऊन रडते. मला तिचं वाईट वाटतंच. पण लग्नाची तब्येत बघायची तर जन्माच्या नोंदीपासून बघायला हवी, हे मी तिलाही सांगते. मुलगी नको म्हणणाऱ्या घराला सून कुठून मिळणार?

२०२१ची जनगणना कोरोनात राहिली, ती आता २०२७ला होते आहे. माझी भाची शिक्षिका आहे, तिलाही हे काम येईल. तिला सांगून ठेवलंय, 'माहेरपणाला आलीय' असं कुणी म्हणालं, तर रकाना भरायच्या आधी पोरं कुठल्या शाळेत जातात ते विचार. आणि जमलं तर फाटकापाशी जरा रेंगाळ.