“ताई, काय दिसतंय?”

१९ वर्षं मी सोलापुरात एक्स-रे काढते. परवा अशोक चौकाकडचे एक मामा आले, यंत्रमागावर काम करणारे. “श्वास घ्या, धरून ठेवा” म्हटलं, तर खोकल्यापुढं त्यांना धरवेना. तिसऱ्या वेळी जमलं. स्क्रीनवर उजव्या फुफ्फुसात, वरच्या बाजूला पोकळी; म्हणजे क्षयाची शंका.

“ताई, काय दिसतंय?”

मला दिसत होतं, पण सांगायचा अधिकार नाही. रिपोर्ट संध्याकाळी येणार होता. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि दुपारीच मामांची थुंकी तपासणीला गेली.

ब्रिटनमध्ये पुढचं शिक्षण घेतलेले रेडिओग्राफर, म्हणजे माझ्यासारखे एक्स-रे काढणारे, स्वतः रिपोर्ट लिहितात. आपल्याकडं सोनोग्राफी डॉक्टरांनीच करायची, १९९४चा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आहे; दोन मुलींची आई म्हणून तो मला मनापासून पटतो. पण छातीच्या एक्स-रेचं तसं नाही. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यानं आमच्या पेशाला किमान ओळख तरी दिली. आता छातीच्या एक्स-रेचे रिपोर्ट लिहायला आम्हाला रीतसर शिकवा, परीक्षा घ्या, वर रेडिओलॉजिस्टची, म्हणजे एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांची, नजर असू द्या. कठीण केस त्यांच्याकडंच जावी, यात मला शंका नाही.

मामांना मी एवढंच म्हणाले, “आज घरी जायच्या आधी डॉक्टरांना भेटाच.”